क्वांटम डॉटमधील एका इलेक्ट्रॉनचा स्पिन कसा मोजावा

इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याला छोट्या चुंबकासारखे बनवणारा अंगभूत गुणधर्म, कोणत्या अवस्थेत आहे हे जाणून घेण्यासाठी त्याच्या चुंबकत्वाचा माग काढावा, हा विचार सर्वांत आधी सुचतो आणि व्यवहारात तोच सर्वांत अवघड ठरतो. एका इलेक्ट्रॉनचे चुंबकीय आघूर्ण इतके क्षीण असते की अर्धवाहकाच्या चिपमध्ये बंदिस्त असलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनचे ते काही मायक्रोसेकंदांत वाचून दाखवील असे उपकरण नेहमीच्या प्रयोगशाळेत मिळत नाही. याउलट, इलेक्ट्रॉन डॉटमध्ये, म्हणजे त्याला अडकवून ठेवणाऱ्या सूक्ष्म खळग्यात, आहे की बाहेर पडला, हे शेजारी ठेवलेल्या विद्युतप्रभाराच्या सेन्सरला लगेच समजते. म्हणून आज वापरात असलेल्या बहुतेक विद्युतीय पद्धतींमध्ये स्पिनवर अवलंबून असणारी एखादी हालचाल घडवून आणतात आणि ती हालचाल झाली की नाही एवढेच पाहतात. या रूपांतराला स्पिन-प्रभार रूपांतर म्हणतात. रूपांतर घडवून आणणे हे अर्धेच काम आहे. आपण पाहिलेली हालचाल खरोखर स्पिनमुळेच झाली, हे सिद्ध करणे हे उरलेले अर्धे काम असून नवोदित संशोधकाने आपला अधिक वेळ तिथे घालवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील विवेचन मुंबईतील एम.एस्सी. पूर्ण करून प्रायोगिक पदार्थविज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, आणि त्यातील क्वांटम संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिशीत तापमानावरील संशोधनाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. त्यामुळे या विषयाकडे वळण्यासाठी शहर सोडावेच लागते अशी स्थिती आता राहिलेली नाही.

डॉटची निवड

२०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या क्वांटम डॉटसाठी मिळाले ते द्रावणात किंवा काचेत तयार होणारे, रंगीत प्रकाश देणारे नॅनोकण होते. येथे अभिप्रेत असलेला डॉट त्या प्रकारचा नाही. अर्धवाहकाच्या पृष्ठभागाजवळ इलेक्ट्रॉनांचा पातळ थर असतो, त्यावर धातूची बारीक गेट बसवतात आणि त्या गेटना व्होल्टेज देऊन थरात एक छोटासा खळगा निर्माण करतात. या खळग्यात एकच इलेक्ट्रॉन अडकवून ठेवता येतो. डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्चेन्झो यांनी १९९८ साली अशा इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक, म्हणून उपयोग करण्याची कल्पना मांडली आणि तेव्हापासून त्याचे वाचन हा या क्षेत्राचा कळीचा प्रश्न बनला.

गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान कमी असल्याने डॉट मोठा असला तरी चालतो आणि गेटची घडण त्या मानाने सोपी जाते. मात्र गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या सर्व स्थिर समस्थानिकांच्या केंद्रकांना स्वतःचा स्पिन असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कलासंगती, म्हणजे त्याच्या क्वांटम अवस्थेची लय, फार काळ टिकत नाही. सिलिकॉनमध्ये केंद्रकीय स्पिन असलेल्या सिलिकॉन-२९ चे प्रमाण नैसर्गिक अवस्थेत केवळ ४.७ टक्के असते आणि समृद्धीकरण करून तेही जवळजवळ नाहीसे करता येते. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉनऐवजी होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, वापरतात. नुसते वाचन शिकायचे असेल तर कोणताही पदार्थ चालेल, परंतु नव्याने सुरुवात करणाऱ्याने सिलिकॉन निवडावे. त्याचे कारण पुढील आकडेमोडीत दिसेल.

आकडे आधी, फ्रिज नंतर

चुंबकीय क्षेत्रात स्पिनच्या दोन अवस्थांच्या ऊर्जांमध्ये जो फरक पडतो त्याला झेमान विभाजन म्हणतात. जी-गुणांक (त्या पदार्थात स्पिन क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते सांगणारी संख्या), बोर मॅग्नेटॉन (इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचे एकक) आणि चुंबकीय क्षेत्र यांचा गुणाकार केला की तो मिळतो. बोर मॅग्नेटॉनचे मूल्य दर टेस्लाला सुमारे ५८ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. सिलिकॉनमध्ये जी-गुणांक जवळजवळ २ असल्याने १ टेस्ला क्षेत्रात हे विभाजन सुमारे ११६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे वारंवारतेच्या भाषेत २८ गिगाहर्ट्झ होते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये जी-गुणांकाचे मूल्य चिन्ह सोडून ०.४४ एवढेच असल्याने तेवढ्याच क्षेत्रात केवळ २५ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट पदरात पडतात.

या विभाजनाची तुलना इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक ऊर्जेशी करावी लागते. इलेक्ट्रॉनांचे तापमान १०० मिलिकेल्विन असेल तर ती ऊर्जा सुमारे ८.६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. आता डॉटशेजारी इलेक्ट्रॉनांचा साठा आहे आणि त्याची फर्मी पातळी, म्हणजे ज्या ऊर्जेपर्यंत साठ्यातील जागा भरलेल्या असतात ती पातळी, स्पिनच्या दोन ऊर्जापातळ्यांच्या बरोबर मध्ये ठेवली आहे अशी कल्पना करावी. सिलिकॉनमध्ये १.५ टेस्ला क्षेत्रात खालची पातळी फर्मी पातळीच्या ८७ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट खाली राहते. तेथील इलेक्ट्रॉनला साठ्यात शिरण्यासाठी लागणारी रिकामी जागा मिळण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये १ टेस्लाला हीच शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे चुकीचा इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची धास्ती कायम राहते. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या गटाने २००४ साली गॅलियम आर्सेनाइडमध्ये एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे एकाच फेरीतील वाचन प्रथम दाखवले तेव्हा त्यांना १० टेस्लाच्या आसपासचे क्षेत्र वापरावे लागले, त्यामागे हाच हिशेब होता.

दुसरा हिशेब वेळेचा आहे. वरच्या पातळीवरील इलेक्ट्रॉन बाहेर पडायला सरासरी जो वेळ घेतो तो सेन्सरच्या प्रतिसादकाळापेक्षा बराच जास्त आणि स्पिनच्या शिथिलनकाळापेक्षा, म्हणजे वरच्या अवस्थेतील स्पिन आपोआप खालच्या अवस्थेत यायला सरासरी जो वेळ घेतो त्या टी-१ पेक्षा, बराच कमी असला पाहिजे. खोलीच्या तापमानावरील प्रवर्धक आणि लांबलचक केबल यांमुळे सेन्सरची बँडविड्थ काही दशक किलोहर्ट्झवर अडते, म्हणून टनेलिंगचा, म्हणजे इलेक्ट्रॉन अडथळ्यातून आरपार जाण्याचा, काळ १०० मायक्रोसेकंद ते १ मिलिसेकंद यांदरम्यान ठेवणे सोयीचे असते. सिलिकॉनमध्ये टी-१ सेकंदांच्या घरात जाऊ शकतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना भरपूर मोकळीक मिळते. क्षेत्र वाढवले की टी-१ झपाट्याने घसरतो. याखेरीज सिलिकॉनमध्ये झेमान विभाजन हे व्हॅली विभाजनाएवढे, म्हणजे सिलिकॉनच्या स्फटिकरचनेमुळे डॉटमध्ये असणाऱ्या दोन निम्नतम पातळ्यांमधील अंतराएवढे, झाले की शिथिलन एकदम वेगवान होते, आणि त्या क्षेत्रापासून दूरच राहावे.

इलेक्ट्रॉन खरोखर किती थंड आहेत

डायल्यूशन फ्रिजच्या, म्हणजे हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणाने नमुना थंड करणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर १५ मिलिकेल्विन दिसले म्हणून नमुन्यातील इलेक्ट्रॉन तेवढे थंड झाले असे समजणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य गैरसमजूत आहे. तो आकडा मिश्रणकक्षाला जोडलेल्या तापमापकाचा असतो. इलेक्ट्रॉनांपर्यंत खोलीच्या तापमानावरून तारा येतात आणि त्यांच्यासोबत नॉइजही येते. प्रत्येक तारेवर आरसी फिल्टर, उच्च वारंवारता शोषून घेणारे तांब्याच्या चूर्णाचे फिल्टर आणि प्रत्येक टप्प्यावर पक्के औष्णिक बंधन एवढे केल्यानंतरही इलेक्ट्रॉन ५० ते १५० मिलिकेल्विनवर अडकून राहणे नेहमीचे आहे.

हे तापमान मोजण्याची सुटसुटीत रीत अशी आहे. डॉटमधील इलेक्ट्रॉनांची संख्या शून्यावरून एकावर जाते ते संक्रमण सेन्सरवर पाहावे आणि गेटच्या व्होल्टेजमध्ये त्याची रुंदी मोजावी. फ्रिजचे तापमान मुद्दाम २० मिलिकेल्विनपासून ५०० मिलिकेल्विनपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत हीच रुंदी पुन्हा पुन्हा नोंदवावी. उच्च तापमानाला रुंदी तापमानाच्या सम प्रमाणात वाढते आणि त्या रेषेच्या चढावरून गेटचा तरफ-गुणक, म्हणजे गेटवरील एका व्होल्टमागे डॉटची ऊर्जा किती सरकते, तो मिळतो. निम्न तापमानाला रुंदी ज्या मूल्यावर स्थिरावते ते इलेक्ट्रॉनांचे खरे तापमान सांगते. एकाच मोजणीतून दोन आवश्यक आकडे हाती येतात, म्हणून हा प्रयोग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. तरफ-गुणक ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति व्होल्ट असेल तर सिलिकॉनमधील १ टेस्लाचे संपूर्ण झेमान विभाजन गेटवर जेमतेम १.२ मिलिव्होल्टमध्ये सामावते. गेटचे व्होल्टेज याच्या एकदशांशानेही भरकटले तर वाचन बिघडेल, हे त्यावरून कळते.

मुंबईत काम करणाऱ्यांना काही गोष्टींकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यातील दमट हवेमुळे थंड पृष्ठभागांवर पाणी साचते, म्हणून नमुनाधारक पूर्णपणे खोलीच्या तापमानावर येईपर्यंत निर्वात कक्ष उघडू नये आणि वायर-बाँड केलेले नमुने कोरड्या नायट्रोजनच्या कपाटात ठेवावेत. समुद्राजवळच्या इमारतीत खाऱ्या हवेने कनेक्टरवर गंज चढतो आणि अर्थिंगची जोडणी हळूहळू खराब होत जाते. सेन्सरच्या प्रवाहाच्या वर्णपटात ५० हर्ट्झ व तिचे गुणाकार उठून दिसू लागले तर आधी अर्थिंगचे वलय शोधावे, प्रवर्धक बॅटरीवर चालवून पाहावेत आणि मगच फिल्टर बदलण्याच्या मागे लागावे. पल्स-ट्यूबवर चालणाऱ्या कोरड्या फ्रिजमध्ये १.४ हर्ट्झच्या आसपासची धडधड आणि तिचे गुणाकारही दिसतात, कारण केबल कंप पावली की घर्षणामुळे तिच्यात प्रभार निर्माण होतो. केबल जागोजागी घट्ट बांधणे हाच त्यावरचा उपाय आहे. या सर्वांत विजेचा प्रश्न किरकोळ वाटेल, कारण शहरात वीज क्वचितच जाते. तरीही १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई काही तास अंधारात होती हे विसरू नये. कॉम्प्रेसर बंद पडून नमुना तापला की अशुद्धींमध्ये अडकलेले प्रभार जागा बदलतात आणि पुन्हा थंड केल्यावर गेटची बहुतेक सर्व व्होल्टेज नव्याने शोधावी लागतात.

सेन्सर आणि शेवटचा इलेक्ट्रॉन

सेन्सर म्हणून क्वांटम पॉइंट कॉन्टॅक्ट (प्रवाहाची अतिशय अरुंद वाट) किंवा सिंगल इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टर (ज्यातून इलेक्ट्रॉन एकेक करून जातात असा ट्रान्झिस्टर) वापरतात. दुसऱ्याची संवेदनशीलता बरीच जास्त असते आणि निवड हाती असल्यास तोच घ्यावा. त्याच्या प्रवाहाच्या शिखरावर नव्हे तर उतारावर काम करावे, कारण तिथे गेटमधील अत्यल्प बदलानेही प्रवाह सर्वाधिक बदलतो. डॉटचे गेट हलवले की सेन्सरही आपल्या उतारावरून सरकतो, म्हणून डॉटच्या गेटवर जेवढा बदल कराल त्याच्या ठरावीक अंशाने सेन्सरच्या गेटवर उलटा बदल करण्याची व्यवस्था संगणकात आधीच करून ठेवावी. अधिक वेग हवा असेल तर सेन्सरला एका प्रेरक-धारक परिपथात जोडून काहीशे मेगाहर्ट्झचा संकेत त्यावर पाठवतात आणि परावर्तित संकेत ४ केल्विनवरील प्रवर्धकातून वाचतात. या रीतीने बँडविड्थ मेगाहर्ट्झच्या घरात जाते, परंतु पहिल्याच नमुन्यावर या वाटेला जाण्याची गरज नाही.

यानंतर दोन गेटची व्होल्टेज बदलत सेन्सरच्या संकेताचा द्विमितीय नकाशा काढावा. त्यात दिसणारी प्रत्येक रेषा म्हणजे डॉटमधील इलेक्ट्रॉनांच्या संख्येत एकाने झालेला बदल होय. ऋण व्होल्टेजच्या दिशेने जात जेव्हा एकही रेषा उरत नाही तेव्हा डॉट रिकामा झाला असे मानतात. इथे एक सापळा आहे. खळगा आकसत गेला की साठ्याशी असलेला अडथळाही जाड होत जातो आणि टनेलिंग इतके मंद होते की इलेक्ट्रॉन डॉटमध्ये असूनही नेहमीच्या वेगाने काढलेल्या नकाशात त्याची रेषा उमटत नाही. म्हणून शेवटची रेषा सापडली असे वाटल्यावर मोजणीचा वेग कमी करून, अडथळ्याचे गेट थोडे उघडून आणि दोन्ही दिशांनी व्होल्टेज फिरवून तोच भाग पुन्हा तपासावा.

रिकामे करणे, भरणे, वाचणे

ऊर्जेवर आधारलेले वाचन तीन टप्प्यांच्या स्पंदाने करतात. पहिल्या टप्प्यात दोन्ही स्पिन पातळ्या फर्मी पातळीच्या वर उचलतात आणि डॉट रिकामा होतो. दुसऱ्यात दोन्ही पातळ्या खाली नेतात, तेव्हा एक इलेक्ट्रॉन आत येतो आणि त्याचा स्पिन कोणताही असू शकतो. ठरावीक प्रतीक्षेनंतर तिसऱ्या टप्प्यात फर्मी पातळी दोन पातळ्यांच्या मध्ये येईल असे व्होल्टेज ठेवतात. मुंबईत भरतीचे पाणी पर्जन्यवाहिनीच्या तोंडापेक्षा वर असले की वाहिनीतले पाणी समुद्रात जात नाही आणि ओहोटी लागली की ते आपोआप वाहते. इथे समुद्राची पातळी एकच ठेवून दोन निरनिराळ्या उंचीच्या वाहिन्यांची परीक्षा घेतली जाते एवढाच फरक. वरच्या पातळीवरील इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि काही वेळाने त्याची जागा घ्यायला साठ्यातून दुसरा इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर येतो. या दोन घटनांमधील काळात डॉट रिकामा असल्याने सेन्सरच्या आलेखात एक छोटा आयताकृती उंचवटा दिसतो. मूळचा इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर असेल तर आलेख सपाट राहतो.

वाचनाची अचूक जागा अंदाजाने ठरवू नये. तिसऱ्या टप्प्याची उंची थोडी थोडी बदलत प्रत्येक उंचीला काहीशे आलेखांची सरासरी घ्यावी आणि काळ व उंची यांचा रंगीत नकाशा काढावा. उंची फार जास्त असेल तर इलेक्ट्रॉन कोणताही असला तरी बाहेर पडतो आणि परत येत नाही. फार कमी असेल तर काहीच घडत नाही. या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असा सापडतो की जिथे टप्प्याच्या सुरुवातीलाच संकेत थोडासा वर येऊन काही काळात विरून जातो. या पट्ट्याची रुंदी तरफ-गुणकाने गुणली की झेमान विभाजन यायला हवे, आणि चुंबकीय क्षेत्र दुप्पट केले की पट्टाही दुप्पट रुंद व्हायला हवा. ते तसे होत नसेल तर पुढे जाऊ नये.

स्पंद नमुन्यापर्यंत बायस-टीमधून, म्हणजे स्थिर व्होल्टेज आणि वेगवान स्पंद एकाच तारेवर आणणाऱ्या जोडणीतून, जातो आणि बायस-टी अतिशय मंद बदल अडवते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. तिचा कालांक स्पंदाच्या एकूण कालावधीपेक्षा पुरेसा मोठा नसेल तर वाचनाची सपाट दिसणारी पायरी प्रत्यक्षात उतरती असते आणि टप्प्याच्या शेवटी आपण भलत्याच जागी वाचत असतो. चौथा, भरपाईचा टप्पा जोडून संपूर्ण फेरीची सरासरी शून्य ठेवली की हा दोष बराच आटोक्यात येतो.

उंचवटा केव्हा मोजावा

प्रत्येक फेरीतील आलेखाचे कमाल मूल्य घेऊन काही हजार फेऱ्यांचा स्तंभालेख काढला की दोन टेकड्या दिसतात. त्यांच्या मध्ये कुठेतरी सीमारेषा आखावी लागते आणि ती डोळ्यांना बरी दिसेल तिथे आखण्याचा मोह आवरावा. सीमा खाली आणली की नॉइजचे टोक खोटा उंचवटा ठरते. वर नेली की खरे पण अर्धवट उठलेले उंचवटे निसटतात. दोन्ही चुकांच्या संभाव्यतांचे प्रतिमान बांधून त्यांची बेरीज किमान होईल ती सीमा निवडावी.

वाचनाच्या कालावधीबाबतही अशीच ओढाताण असते. इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या सरासरी काळाच्या पाचपट थांबले तर वरच्या पातळीवरील इलेक्ट्रॉन निसटण्याची शक्यता ०.७ टक्क्यावर येते. मात्र जितके जास्त थांबाल तितकी खालच्या पातळीवरील इलेक्ट्रॉनलाही औष्णिक धक्क्याने बाहेर पडण्याची संधी मिळते. उंचवट्याची रुंदीही महत्त्वाची आहे. रिकाम्या डॉटमध्ये नवा इलेक्ट्रॉन येण्याचा सरासरी काळ २०० मायक्रोसेकंद असेल आणि सेन्सरला प्रतिसाद द्यायला १० मायक्रोसेकंद लागत असतील, तर जवळजवळ ५ टक्के उंचवटे उठायच्या आतच संपतात आणि नोंदीत येतच नाहीत.

चुका दोन स्वतंत्र घरांत नोंदवाव्यात. पहिल्या घरात स्पिनचे प्रभारात रूपांतर होताना झालेल्या चुका, म्हणजे शिथिलन, औष्णिक टनेलिंग आणि अपुरा कालावधी. दुसऱ्या घरात विद्युतीय चुका, म्हणजे नॉइज आणि अपुरी बँडविड्थ. पहिल्या घरावरचा इलाज क्षेत्र, तापमान आणि अडथळ्याच्या गेटमध्ये असतो, तर दुसऱ्यावरचा प्रवर्धकात. हे वेगळे न केल्यास माणूस महागडा प्रवर्धक विकत घेतो आणि दोष मात्र गरम इलेक्ट्रॉनांचा निघतो. वर उल्लेखिलेल्या २००४ सालच्या प्रयोगात दोन्ही अवस्थांच्या चुका सुमारे ७ आणि २८ टक्के होत्या, म्हणून दृश्यता, म्हणजे शंभरातून दोन्ही चुका वजा केल्यावर उरणारा आकडा, ६५ टक्के आली. त्या काळी तो मोठा टप्पा होता. आज सिलिकॉनमध्ये याहून पुष्कळ वरचे आकडे मिळतात.

हा स्पिनच आहे कशावरून?

सेन्सरजवळच्या ऑक्साइडमध्ये एखादा प्रभार दोन जागांमध्ये उड्या मारत असेल तर त्याचे उंचवटे स्पिनच्या उंचवट्यांसारखेच दिसतात. म्हणून पहिली तपासणी अशी की, उंचवटे वाचनाच्या टप्प्याच्या सुरुवातीला दाटलेले हवेत आणि रिकामे करण्याच्या किंवा भरण्याच्या टप्प्यात मुळीच दिसता कामा नयेत. दुसरी तपासणी चुंबकीय क्षेत्र शून्य करण्याची आहे. तेव्हा झेमान विभाजनच नसल्याने वर सांगितलेला पट्टा नाहीसा व्हायला हवा.

तिसरी तपासणी निर्णायक आहे. भरण्याच्या टप्प्यातील प्रतीक्षा वाढवत जावी आणि प्रत्येक प्रतीक्षेला उंचवटा दिसणाऱ्या फेऱ्यांचे प्रमाण काढावे. स्पिन शिथिल होऊन खालच्या पातळीवर येत असल्याने हे प्रमाण घातांकी रीतीने घटले पाहिजे, आणि त्या घटीचा कालांक म्हणजेच टी-१. प्रत्येक बिंदूसाठी १००० फेऱ्या घेतल्या तर संख्याशास्त्रीय अनिश्चितता फार तर १.६ टक्के राहते, जी या कामाला पुरेशी आहे. प्रतीक्षा कितीही वाढवली तरी प्रमाण ज्या तळाशी स्थिरावते तो तळ म्हणजे खालच्या अवस्थेला वरची समजण्याच्या चुकीचा थेट अंदाज असतो. हीच मोजणी दोन-तीन निरनिराळ्या क्षेत्रांना करावी. कालांक क्षेत्रानुसार बदलला तर उंचवट्यांचा संबंध स्पिनशी आहे याबद्दल फारशी शंका उरत नाही. न बदलल्यास सापळ्यात अडकलेल्या प्रभारावर संशय घ्यावा.

सूक्ष्मलहरींचा स्रोत उपलब्ध असेल तर स्पिन अनुनाद वापरून त्याहूनही कडक परीक्षा घेता येते. आधी केवळ खालची पातळी फर्मी पातळीच्या खाली ठेवून खात्रीने खालच्या अवस्थेतील इलेक्ट्रॉन भरावा, त्यावर झेमान विभाजनाएवढ्या वारंवारतेचा स्पंद द्यावा आणि स्पंदाची लांबी बदलत उंचवट्यांचे प्रमाण पाहावे. ते लयबद्ध वरखाली होऊ लागले, म्हणजे राबी आंदोलने दिसली, की प्रश्न निकालात निघतो.

दोन डॉट असतील तर

ऊर्जेवर आधारलेल्या वाचनाला मोठे चुंबकीय क्षेत्र, अतिशय थंड इलेक्ट्रॉन आणि शेजारी साठा हे तिन्ही लागतात. पाउलीच्या नियमावर आधारलेली पद्धत यातून बरीचशी सुटका करते. शेजारशेजारच्या दोन डॉटमध्ये एकेक इलेक्ट्रॉन ठेवून दोघांनाही एकाच डॉटमध्ये ढकलण्याचा प्रयत्न करतात. जोडी सिंगलेट अवस्थेत (एकूण स्पिन शून्य) असेल तर दोघेही एका डॉटमध्ये मावतात. ट्रिपलेट (एकूण स्पिन एक) असेल तर पाउलीचा अपवर्जन नियम, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा नियम, आड येतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही. या अडथळ्याचे प्रवाहातील दर्शन तारुचा यांच्या गटाने २००२ साली घडवले आणि २००५ साली पेटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या आधारे दोन स्पिनांची कलासंगत हाताळणी दाखवली.

येथे तुलना झेमान विभाजनाशी नसून एकाच डॉटमधील सिंगलेट आणि ट्रिपलेट यांच्या ऊर्जांमधील अंतराशी करायची असते, जे अनेकदा बरेच मोठे असते. २०२० साली डेल्फ्ट आणि सिडनी येथील गटांनी १ केल्विनच्या वर सिलिकॉनचे क्यूबिट चालवून दाखवले त्यातही याच पद्धतीचा वाटा होता. सिलिकॉनमध्ये मात्र हे अंतर व्हॅली विभाजनावर अवलंबून असते आणि ते लहान निघाले तर वाचनाची खिडकी अरुंद होते, म्हणून प्रत्येक नमुन्यात ते आधी मोजून घ्यावे.

या पद्धतीतील उत्तराचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. दोन डॉटमधील चुंबकीय क्षेत्रांत किंवा जी-गुणांकांत फरक असेल तर शून्य प्रक्षेपाचे ट्रिपलेट वाचन चालू असतानाच सिंगलेटमध्ये मिसळून जाते. तसे झाले की सेन्सर सिंगलेट की ट्रिपलेट हे सांगत नाही; दोन स्पिन समांतर आहेत की विरुद्ध, एवढेच सांगतो. दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत, परंतु आपल्या नमुन्यात त्यांपैकी कोणते मिळते हे वाचनकाळ कमी-जास्त करून ठरवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. वाचतानाच ट्रिपलेट शिथिल झाल्यास स्तंभालेखातील दोन टेकड्यांमधील दरी भरून येते. अशा वेळी गॉसचे दोन वक्र जुळवून भागत नाही, शिथिलनाची शेपटी प्रतिमानात धरावी लागते. वेगळा सेन्सर न ठेवता डॉटच्याच गेटवरून क्वांटम धारकता (इलेक्ट्रॉनच्या हालचालीमुळे गेटच्या धारकतेत पडणारा फरक) वाचण्याची रीतही प्रगत झाली आहे आणि दाट रचनांमध्ये जागा वाचत असल्याने ती आकर्षक आहे, पण तिचा संकेत क्षीण असतो. वरील रीती हातात बसल्यावर तिच्याकडे वळावे.

निकाल लिहिताना दृश्यतेचा किंवा अचूकतेचा एकटा आकडा देऊ नये. दोन्ही अवस्थांच्या चुका स्वतंत्रपणे द्याव्यात आणि त्यांच्यासोबत चुंबकीय क्षेत्र, मोजलेले इलेक्ट्रॉन तापमान, टनेलिंगचे दोन्ही काळ (बाहेर पडण्याचा आणि आत येण्याचा), वाचनाचा कालावधी, सेन्सरची बँडविड्थ आणि एकूण फेऱ्यांची संख्या नोंदवावी. स्पिन तयार करताना झालेली चूक त्या आकड्यात धरली आहे की वगळली आहे हे स्पष्ट लिहावे, कारण अनुनादाच्या प्रयोगातून काढलेल्या दृश्यतेत ती चूक नकळत मिसळलेली असते. सरासरी काढलेल्या आलेखांबरोबर प्रत्येक फेरीची कच्ची नोंदही जपून ठेवावी. सीमारेषा कुठे आखायची याबद्दल परीक्षकाने शंका घेतली तर तिचे निरसन त्या नोंदीवरूनच करता येते.